कार्यालयासाठी छोटा डेस्कटॉप संगणक : त्याचे मोल कसे काढावे

कार्यालयासाठी छोटा डेस्कटॉप संगणक घ्यायचे ठरले की समोर चार निरनिराळ्या जातींची यंत्रे येतात. पहिली जात मोठ्या कंपन्यांनी काही वर्षे वापरून काढून टाकलेल्या यंत्रांची. लेनोवो थिंकसेंटर टायनी, एचपी एलिटडेस्क मिनी, डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो ही साधारण एक लिटर आकारमानाची यंत्रे या गटात मोडतात. दुसरी जात याच मालिकांतल्या नव्या कोऱ्या यंत्रांची. तिसरी, इंटेलच्या एन१०० सारख्या कमी विजेवर चालणाऱ्या प्रोसेसरभोवती बांधलेल्या आणि फारशा परिचित नसलेल्या उत्पादकांकडून येणाऱ्या स्वस्त मिनी पीसींची. आणि चौथा ॲपलचा मॅक मिनी. बाहेरून ही सगळी यंत्रे जवळपास सारखीच दिसतात, सगळ्यांच्या जाहिरातीत १६ जीबी रॅम आणि वेगवान एसएसडी असते, आणि किमतीत मात्र दुपटी-तिपटीचा फरक असतो.

हा फरक योग्य आहे की नाही हे छापील किमतीवरून कळत नाही. आपले नेमके काम हे यंत्र यापुढे किती वर्षे विनातक्रार करील आणि त्या प्रत्येक वर्षामागे आपल्याला किती खर्च येईल, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की मोल ठरते. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही उत्तरे मिळवण्यासाठीच आहेत.

आधी काम मोजावे

नवे यंत्र पाहण्यापूर्वी सध्या वापरात असलेल्या संगणकासमोर बसावे. वेळ निवडावी ती दुपारची, म्हणजे ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब, हिशेबाचे सॉफ्टवेअर, दोन-तीन स्प्रेडशीट आणि एखादी व्हिडिओ बैठक असे सगळे एकाच वेळी उघडे असताना. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर मेमरीचा भाग पाहावा. तिथे ‘इन यूज’ हा आकडा ठळक दिसतो, पण ‘कमिटेड’ हा त्याखालचा आकडा अधिक बोलका असतो. समजा, यंत्रात ८ जीबी रॅम आहे, ‘इन यूज’ ६.९ आहे आणि ‘कमिटेड’ ११.५ आहे. याचा अर्थ प्रोग्रॅमांनी मागितलेली मेमरी प्रत्यक्ष रॅमपेक्षा बरीच जास्त झाली आहे आणि विंडोज त्यातला काही भाग दाबून ठेवून किंवा डिस्कवर टाकून वेळ मारून नेत आहे. अशा टेबलावर नवा प्रोसेसर आणून फरक पडणार नाही. १६ जीबी रॅम आणली की पडेल. विंडोज ११ ची अधिकृत किमान अट ४ जीबीची असली, तरी कार्यालयीन कामासाठी आज मी १६ जीबीच्या खाली जाण्याचा सल्ला देत नाही.

त्यानंतर प्रोसेसरचा आलेख पाहावा, आणि इथे एक फसगत टाळावी. सहा कोर (प्रोसेसरमधली स्वतंत्रपणे काम करणारी एकके) आणि सहाच थ्रेड (एका वेळी हाताळता येणाऱ्या कामांच्या रांगा) असलेल्या प्रोसेसरवर एक कोर पूर्ण ताकदीने राबत असला, तरी एकूण वापर सुमारे १७ टक्केच दिसतो. हिशेबाचे सॉफ्टवेअर अहवाल काढताना अडखळत असेल आणि टास्क मॅनेजर १७ टक्के दाखवत असेल, तर प्रोसेसर रिकामा आहे असे समजू नये. ते काम एकाच कोरवर चालते आणि तो कोर पुरता थकला आहे, असाच बहुधा त्याचा अर्थ असतो. आलेखावर उजवी क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा वेगळा आलेख दाखवण्याचा पर्याय निवडला की हे उघड होते. कार्यालयातली बहुतेक कामे अशीच एका कोरच्या वेगावर अवलंबून असतात, म्हणून प्रोसेसरांची तुलना करताना गीकबेंच किंवा पासमार्क या वेग मोजणाऱ्या चाचण्यांतले एका कोरचे गुण आधी पाहावेत आणि सर्व कोरांचे नंतर.

हे मोजमाप दोन-तीन वेगवेगळ्या टेबलांवर केले की कार्यालयातल्या जागांचे आपोआप गट पडतात. स्वागतकक्षातला संगणक आणि लेखापालाचा संगणक एकाच मापाचे असायला हवेत असे नाही, आणि सगळ्यांसाठी एकच यंत्र घेण्याच्या हट्टात एकतर पैसे वाया जातात किंवा कुणाचा तरी रोजचा वेळ.

प्रोसेसरचे पूर्ण नाव वाचावे

‘कोअर आय५’ एवढ्या नावावरून काहीच कळत नाही. आय५-६५००टी हा २०१५ सालच्या पिढीतला चार कोरांचा प्रोसेसर आहे, आय५-८५००टी हा २०१८ मधला सहा कोरांचा, आणि आय५-१२५००टी हा २०२२ मधला सहा कोर व बारा थ्रेडचा. क्रमांकाच्या सुरुवातीचे ६, ८ आणि १२ हे आकडे पिढी सांगतात : सहावी, आठवी आणि बारावी. विक्रेता तिन्हींना आय५ म्हणतो आणि त्यात तो खोटेही बोलत नाही. म्हणून जाहिरातीत पूर्ण क्रमांक नसेल तर तो मागून घ्यावा. देण्यास टाळाटाळ झाली तर ते यंत्र बाजूला ठेवावे. शेवटच्या अक्षरालाही अर्थ असतो. टी म्हणजे सुमारे ३५ वॅटच्या मर्यादेत ठेवलेला डेस्कटॉप प्रोसेसर, यू म्हणजे लॅपटॉपसाठीचा, साधारण १५ वॅटचा. एएमडीच्या नावांत वेगळा सापळा आहे. रायझन ७ ५७००यू आणि रायझन ७ ५८००यू ही नावे सख्खी भावंडे वाटतात, पण पहिल्यात जुनी झेन २ रचना आहे आणि दुसऱ्यात झेन ३. लॅपटॉपसाठीच्या ७००० मालिकेत तर तिसरा अंक रचनेची पिढी सांगतो. म्हणजे रायझन ५ ७५२०यू मधला २ हा झेन २ चा, आणि पहिला अंक ७ असल्यामुळे नवेपणाचा जो भास होतो तो फसवा.

पिढी पाहण्याचे दुसरे कारण वेगापेक्षा मोठे आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतेच, शिवाय इंटेलचा प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची असंख्य यंत्रे बाजारात अतिशय स्वस्त झाली आहेत. अटी चुकवून त्यांवर विंडोज ११ बसवता येते आणि ते चालतेही, पण मायक्रोसॉफ्ट अशा यंत्रांना पुढील अद्ययावतीकरणाची हमी देत नाही. ज्या संगणकावर इतरांचा हिशेब, पगारपत्रके आणि ओळखपत्रांच्या प्रती आहेत, तिथे ही जोखीम घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. लिनक्सवर काम चालणारे असेल तर मात्र हीच यंत्रे खरोखर मोलाची ठरतात. एएमडीच्या बाबतीत नुसती पिढी पाहून भागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीत प्रोसेसरचे नेमके नाव शोधावे.

एन१०० बद्दल टोकाची मते ऐकू येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या या प्रोसेसरमध्ये चार छोटे कोर आहेत, त्यांचा वेग साधारण सहाव्या पिढीच्या आय५ च्या आसपास भरतो, आणि त्याची मूळ वीजमर्यादा फक्त ६ वॅट आहे. मेमरीची वाहिनी एकच असल्यामुळे रॅमची खाचही बहुधा एकच असते आणि इंटेलच्या अधिकृत माहितीनुसार कमाल मर्यादा १६ जीबी आहे. पावत्या करणे, ईमेल, मजकूर लिहिणे, एका पडद्यावर माहितीफलक चालवणे यासाठी तो पुरतो. पडदा दाखवत चालणारी तासभराची व्हिडिओ बैठक आणि तिच्याबरोबर मोठी स्प्रेडशीट, असे जिथे रोजचे आहे तिथे तो ठेवू नये.

मॅक मिनीचा हिशेब स्वतंत्र आहे. २०२४ च्या एम४ मॅक मिनीत मूळ १६ जीबी मेमरी मिळते, एका कोरचा वेग उत्तम आहे, वीज फार कमी लागते आणि बाहेरचा अडॅप्टरही नाही. पण मेमरी पुढे कधीच वाढवता येत नाही, आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपवर विंडोज थेट बसवण्याची सोय नाही. कार्यालयातले एक जरी अत्यावश्यक सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालणारे असेल, तर बाकीचे गुण तिथेच निष्फळ होतात.

रॅम आणि साठवण : काय बदलता येते?

छोट्या यंत्राचे उरलेले आयुष्य त्यातले किती भाग बदलता येतात यावर फार अवलंबून असते. रॅम लॅपटॉपमध्ये असते तशा छोट्या पट्ट्यांच्या रूपात आहे की मदरबोर्डवर डाखलेली (सोल्डर केलेली) आहे, हे आधी विचारावे. जाहिरातीत एलपीडीडीआर असे लिहिलेले असेल तर ती जवळपास निश्चितच डाखलेली असते. अशा यंत्रात ८ जीबी घेणे म्हणजे ते निवृत्त होईपर्यंत ८ जीबीच घेणे. दोन खाचांच्या यंत्रात ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या असणे वेगाच्या दृष्टीने चांगले, कारण अंगभूत ग्राफिक्स हीच मेमरी वापरते. पण साध्या कार्यालयीन कामात तो फरक क्वचितच जाणवतो. म्हणून १६ जीबीची एक पट्टी आणि एक रिकामी खाच मिळत असेल, तर मी ती मांडणीही आनंदाने स्वीकारतो.

साठवणुकीत तीन पातळ्या आहेत. ईएमएमसी ही मदरबोर्डवर डाखलेली, संथ आणि बदलता न येणारी साठवण असते. कार्यालयासाठी ती घेऊ नये. साटा एसएसडीचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत जातो, एनव्हीएमईचा त्याच्या कित्येक पट. मात्र कागदपत्रे उघडणे आणि ब्राउझर चालवणे यात या शेवटच्या दोहोंमधला फरक जाणवेलच असे नाही, त्यामुळे केवळ एनव्हीएमई या शब्दासाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही. एम.२ खाच (छोटी पट्टीसारखी कार्डे बसवण्याची जागा) दिसली म्हणजे तिथे एनव्हीएमई चालेलच असेही नाही, कारण काही यंत्रांत ती केवळ साटासाठी किंवा वायफाय कार्डासाठी असते. स्वस्त मिनी पीसीमध्ये अनेकदा ब्रँडचे नाव नसलेली एसएसडी बसवलेली असते. ती पहिल्याच दिवशी बदलायची असे गृहीत धरून किंमत काढावी.

पोर्ट, पडदे आणि नेटवर्क

हा भाग सोपा असूनही ऐन वेळी खोळंबा करतो. कंपनी वर्गातल्या (थिंकसेंटर, एलिटडेस्क, ऑप्टिप्लेक्स अशा) यंत्रांवर बहुधा डिस्प्लेपोर्ट असतात आणि कार्यालयातल्या मॉनिटरवर एचडीएमआय, म्हणून केबल किंवा परिवर्तकाचा खर्च धरावा; आणि डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे नेणारी साधी केबल उलट दिशेने चालत नाही हेही ध्यानात ठेवावे. ४के मॉनिटर लावायचा असेल तर एचडीएमआय १.४ वर तो सेकंदाला ३० चित्रांवर अडतो आणि माउसचा बाण ओढल्यासारखा हलतो, किमान २.० हवे. यूएसबी-सीच्या प्रत्येक पोर्टमधून पडद्याचे चित्र जातेच असे नाही. कंपनी वर्गातल्या जुन्या यंत्रांत वायफाय पुष्कळदा नसतेच, पण नेटवर्कची केबल टेबलापर्यंत येत असेल तर ते उणे धरू नये. मॉनिटरच्या मागे यंत्र लावायचे असेल तर मॉनिटरला १०० किंवा ७५ मिलिमीटर अंतराची व्हेसा छिद्रे आहेत का आणि स्टँडने ती आधीच अडवली आहेत का, एवढे पाहावे.

वीज, उष्णता, आवाज

वीजबचतीचा दावा आकड्यांत तपासावा. दिवसाचे ८ तास आणि वर्षाचे २५० दिवस धरले तर यंत्र २,००० तास चालते. जुना टॉवर सरासरी ४० वॅट आणि मिनी १० वॅट घेत असेल, तर वर्षाला ६० युनिट वाचतात, आणि वीस टेबलांच्या कार्यालयात ही बचत दिसण्याजोगी आहे. पण दोन मिनींमध्ये ५ वॅटचाच फरक असेल तर वर्षाला १० युनिटच वाचतात, तेवढ्यासाठी निवड बदलू नये. अहोरात्र चालणाऱ्या यंत्राचा हिशेब निराळा, कारण तिथे प्रत्येक वॅटमागे वर्षाला ८.७६ युनिट लागतात.

छोट्या डब्यातला पंखा छोटा असल्यामुळे वेगाने फिरतो आणि त्याचा आवाज बारीक व टोचणारा असतो. शांत खोलीत, काम चालू असताना, हातभर अंतरावरून तो ऐकूनच यंत्र निवडावे.

वापरलेले यंत्र प्रत्यक्ष तपासताना

सर्वाधिक मोल मिळते ते इथे, आणि सर्वाधिक फसवणूकही इथेच होते. म्हणून घाई न करता, क्रम न सोडता तपासावे.

पहिली गोष्ट अडॅप्टर. तो मूळचा आहे का आणि त्यावर लिहिलेले वॅट यंत्राला पुरेसे आहेत का हे वाचावे. डेलची यंत्रे अडॅप्टरची ओळख पटली नाही तर सुरू होताना तशी सूचना देतात आणि प्रोसेसरचा वेग उतरवतात. खरेदीदार मात्र यंत्रच मंद आहे असे समजतो. दुसरी गोष्ट कुलपे. यंत्र सुरू करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ मांडणीच्या पडद्यावर) शिरावे आणि एखादी मांडणी बदलून जतन होते का ते पाहावे. आधीच्या कंपनीचा पासवर्ड तसाच राहिलेला असेल, तर अनेक मॉडेलांत मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल काढूनही तो जात नाही. त्यानंतर विंडोज नव्याने बसवून, इंटरनेट जोडलेले असताना, पहिली मांडणी पूर्ण करावी. त्या वेळी पडद्यावर एखाद्या अनोळखी संस्थेचे नाव येऊन तिच्या खात्याचा पासवर्ड मागितला गेला, तर ते यंत्र अजून त्या संस्थेच्या नोंदीत आहे. ही नोंद तीच संस्था काढू शकते, म्हणून असे यंत्र परत करावे.

मग झाकण उघडावे. या वर्गातल्या बहुतेक यंत्रांना मागे एकच स्क्रू असतो; तो सैल करून झाकण पुढे सरकवले की निघते. पंख्याच्या पात्यांवर आणि त्यामागच्या धातूच्या पातळ पट्ट्यांत धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असेल, तर यंत्र वर्षानुवर्षे गरम चालले असे समजावे. हे बाद करण्याचे कारण नव्हे, कारण साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट यांनी पुष्कळ सुधारते, पण किंमत उतरवण्याचे कारण नक्कीच आहे. रॅमच्या पट्ट्या खरोखर किती आणि कोणत्या, एसएसडीवर उत्पादकाचे नाव आहे का, गंज किंवा द्रव सांडल्याच्या खुणा आहेत का, हे याच वेळी पाहून घ्यावे.

झाकण लावून क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅमने एसएसडीचे उरलेले आयुष्य आणि चाललेले तास वाचावेत. शेवटी अर्धा तास प्रोसेसरवर पूर्ण ताण द्यावा आणि तापमान व वेग दोन्ही पाहत राहावे. तापमान चढून वेग मूळ हमीच्या वेगाखाली घसरला, यंत्र आपोआप बंद पडले किंवा पंखा खरखरू लागला, तर दोष समोर आलाच. प्रत्येक यूएसबी पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह घालून पाहणे कंटाळवाणे आहे, तरी ते करावे.

नवा स्वस्त मिनी पीसीही काही बाबतींत तपासून घ्यावा. सोबत आलेले विंडोज पुसून मायक्रोसॉफ्टकडून उतरवलेले स्वच्छ विंडोज बसवावे, कारण काही यंत्रांत कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर आल्याचे आढळले आहे. आणि परवान्याचा प्रकार तपासावा. एकट्या विकत घेतलेल्या यंत्रावर व्हॉल्यूम परवाना (संस्थांना अनेक यंत्रांसाठी एकत्र मिळणारा) दिसत असेल, तर तो बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी नावाचा असतो. अशा वेळी वैध परवान्याचा खर्च किमतीत मिळवावा. अशा उत्पादकांच्या संकेतस्थळावर बायोसची अद्ययावत आवृत्ती शेवटची केव्हा आली होती हेही पाहावे. इंटेलने २०२३ मध्ये एनयूसी या आपल्या मिनी पीसींतली थेट गुंतवणूक थांबवली आणि पुढील काम असूसकडे गेले. मोठ्या नावाच्या मागचा आधारही कायमचा नसतो, मग नाव नसलेल्या डब्याचे काय, हा प्रश्न किंमत ठरवताना विचारायलाच हवा.

वर्षाचा खर्च मांडणे

आता आकडे मांडता येतात. यंत्राच्या किमतीत रॅम, एसएसडी, अडॅप्टर, केबल, परवाना असा सगळा खर्च मिळवावा आणि बेरजेला उरलेल्या वर्षांनी भागावे. रीत कळावी म्हणून पुढचे आकडे कल्पित घेतले आहेत. कंपनी वर्गातल्या नव्या यंत्राची किंमत १०० मानली आणि ते ७ वर्षे चालेल असे धरले, तर वर्षाला १४.३ पडतात. आठव्या पिढीचे वापरलेले यंत्र ३० ला मिळाले, त्यावर रॅम, एसएसडी आणि अडॅप्टर मिळून १६ घातले आणि ३ वर्षे धरली, तर वर्षाला १५.३. बाराव्या पिढीचे वापरलेले यंत्र ५६ मध्ये तयार झाले आणि ५ वर्षे धरली, तर ११.२. एन१०० चे यंत्र चांगल्या एसएसडीसह ४१ ला पडले आणि ४ वर्षे धरली, तर सुमारे १०.३, पण ते हलक्या कामाच्या टेबलापुरतेच.

सगळ्यांत कमी किमतीचे यंत्र इथे वर्षाच्या हिशेबात सगळ्यांत महाग ठरले आहे. आठव्या पिढीला मी तीनच वर्षे देतो, कारण ती आज विंडोजच्या स्वीकारसीमेच्या अगदी काठावर आहे आणि पुढच्या आवृत्तीत ती सीमा पुढे सरकली तर सर्वांत आधी बाहेर जाणारी यंत्रे हीच असतील. तेच यंत्र रॅम व एसएसडीसकट ३० ला मिळाले, तर वर्षाचा खर्च १० वर येतो आणि निर्णय उलटतो. म्हणून इतरांचा निष्कर्ष न घेता आपले आकडे घालावेत.

वॉरंटीचे मोलही याच रीतीने काढता येते. कंपनी वर्गातल्या नव्या यंत्राला अनेकदा तीन वर्षे जागेवर येऊन दुरुस्ती मिळते; वापरलेल्या यंत्रांना ती नसते, पण दहा यंत्रांसोबत त्याच मॉडेलचे अकरावे घेऊन कपाटात ठेवता येते. वरच्या उदाहरणात त्यामुळे ५६ चे ६१.६ होतात आणि वर्षाचा खर्च ११.२ वरून १२.३ वर जातो, तरीही तो नव्यापेक्षा कमीच राहतो. शिवाय एखादे यंत्र बंद पडले तर त्यातली एसएसडी या अकराव्यात घालून काम बहुधा तासाभरात सुरू होते. डिस्क एन्क्रिप्ट (सांकेतिक कुलूपबंद) केलेली असेल तर ती उघडणारी रिकव्हरी की मात्र आधीच जपून ठेवलेली हवी. ज्या कार्यालयात स्क्रू ड्रायव्हर हातात धरायला कुणी नाही, तिथे हा मार्ग सुचवणे योग्य नाही. तिथे नवे यंत्र आणि पूर्ण वॉरंटी यांना दिलेले जास्तीचे पैसे सत्कारणी लागतात.

एक नमुना आधी

निवड झाली तरी सगळी यंत्रे एकदम मागवू नयेत. एकच आणून सर्वांत जास्त कामाच्या टेबलावर परतीची मुदत संपेपर्यंत ठेवावे. छपाईयंत्र, स्कॅनर, डिजिटल स्वाक्षरीची यूएसबी किल्ली आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यावर चालवून घ्यावे, दुपारी पुन्हा टास्क मॅनेजरचे तेच आकडे पाहावेत आणि पहिल्या मोजमापाशी ताडून बघावेत. वीज जाऊन आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे अशी मांडणी बायोसमध्ये आहे का, हेही तेव्हाच कळते. मॉनिटरमागे लावलेल्या यंत्राचे बटण शोधत बसणे रोज परवडत नाही. उरलेली यंत्रे मागवताना प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅमच्या पट्ट्यांची संख्या, एसएसडीचा प्रकार आणि अडॅप्टरचे वॅट ही चारही माहिती मागणीपत्रातच लिहावी, कारण एकाच मॉडेलच्या नावाखाली या चारही गोष्टी वेगवेगळ्या असलेली यंत्रे येऊ शकतात.